आडवे आप्पांचे, उभे ऋचाचे

१

सांगलीच्या घरात पेपरवर पहिला हक्क उमाबाईंचा. ऋचाच्या या सासूबाई चहाचा कप हातात घेऊन आधी निधनवार्ता वाचत, "ओळखीचं कुणी नाही आज," असं किंचित निराश होऊन सांगत आणि पेपर लेकाकडे देत. इंद्रजित उभ्याउभ्या क्रिकेट वाचून कुपवाडच्या कारखान्याला निघे. त्याची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली की सासूबाई कुकर लावून देवघरात शिरत, आणि मग कोड्याचं पान ऋचाचं होई. मार्गशीर्षात लग्न झालं होतं, आता उन्हं तापायला लागली होती. या घरात तिच्या एकटीची म्हणावी अशी तेवढीच वेळ.

त्या वेळी ती साताऱ्याला आप्पांना फोन लावायची.

आप्पा म्हणजे तिचे वडील, देवदत्त. एसटीच्या साताऱ्याच्या स्टँडवर नियंत्रक म्हणून आयुष्य गेलं त्यांचं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवरून दोनदा सांगायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. "भाजीत मीठ कमी आहे. भाजीत मीठ कमी आहे." ऋचाची आई गेली त्यानंतर बापलेकींनी रोज सकाळी मिळून शब्दकोडं सोडवायचा नेम धरला. आडवे शब्द आप्पांचे, उभे ऋचाचे. दुसऱ्याचे क्लू बघायचे नाहीत. ऋचा पेपरची घडीच अशी घालायची की आडव्यांची यादी खाली दबून जावी. आप्पा आपला क्लू दोनदा वाचत आणि उत्तरही दोनदा सांगत. शाहूपुरीतल्या त्या इमारतीत हे तिसऱ्या मजल्यावर चाले आणि दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मनुबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून उत्तर ओरडत. त्यांचं बहुधा चुकायचं.

कोडं सुटलं की आप्पा त्याच पानावरचा सुविचार वाचत. त्यावर 'पटलं' किंवा 'नाही पटलं' एवढंच सांगायचं. 'नाही पटलं' म्हटलं तर कारण द्यावं लागे. कष्टाला पर्याय नाही, असं एकदा आलं तेव्हा ऋचा म्हणाली होती, "नाही पटलं. पर्याय आहेत, आपल्याला परवडत नाहीत." आप्पा दिवसभर ते आठवून हसले होते.

लग्न झाल्यावर दोन्ही घरी तोच पेपर, एकीकडे सातारा आवृत्ती आणि दुसरीकडे सांगली. कोड्याचं पान एकच. तेव्हा खेळ फोनवर सुरू राहिला. फरक इतकाच की ऋचा आता जवळजवळ रोज 'पटलं' म्हणायची. कारण द्यायला वेळ कुठला, कणीक मळायची असे. आणि तसंही, नव्या सुनेला पटलं म्हणायची सवय लवकर लागते.

२

एका सकाळी आप्पा क्लू वाचत असताना त्यांच्यामागे कुकरची शिटी झाली.

ऋचाची पेन्सिल थांबली. आप्पांकडे कुकर नव्हता. होता तो त्यांनी तिच्या रुखवतात मांडला होता आणि तो आता इथे, सासूबाईंच्या शेगडीवर होता. राहीबाई, म्हणजे आप्पांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, भात पातेल्यातच करायच्या. कुकर फुटतो अशी त्यांची खात्री होती.

"आप्पा, कुकर आणलात?"

"कुठला कुकर? कुठला कुकर?"

आणि तेवढ्यात इथल्या स्वयंपाकघरात शिटी झाली. लांब, शेवटी जरा घरघरणारी. मघाच्यासारखीच हुबेहूब.

आवाज फिरून आला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. फोनमध्ये असं होतं. पेन्सिल पुन्हा चालू झाली, पण डोक्यात एक गोष्ट टोचत राहिली: फिरून आलेला आवाज नंतर येतो. हा आधी आला होता.

त्या दिवशीचा सुविचार होता, 'लांब असलेलं माणूसच नीट आठवतं.' पाडव्याला चार दिवस साताऱ्याला येऊ का, असं ती विचारणारच होती. सुविचार ऐकल्यावर विचारायचं राहून गेलं. ती म्हणाली, "पटलं."

रात्री जेवताना तिनं शिटीचं सांगितलं. इंद्रजित म्हणाला, "नेटवर्क गं."

"अहो, पण आधी आली शिटी."

"मग तुझे आप्पा आपल्यापुढं आहेत. साताऱ्याची माणसं आधीपासूनच पुढं असतात म्हणे."

सासूबाई हसल्या, ऋचाही हसली. विषय तिथेच संपला.

३

पुढच्या आठवड्यात तिनं मसाल्याच्या डब्यांचं फडताळ आवरायला काढलं. खाली घालायला जुने पेपर घेतले. त्यातलं एक पान सोडवलेल्या कोड्याचं होतं. ते आडवं पसरल्यावर ज्या क्लूंकडे ती कधी बघत नसे, ते समोर आले.

सातवा आडवा, दोन अक्षरी. 'रोप लावायचे मातीचे भांडे.' उत्तर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: कुंडी.

तिला तो दिवस आठवला. आप्पांनी क्लू असा वाचला नव्हता. ते म्हणाले होते, "दाराच्या डाव्या हाताला, तडा गेलेली. दाराच्या डाव्या हाताला, तडा गेलेली. कुंडी. कुंडी." तेव्हा तिला वाटलं होतं, कोडं करणारा आजकाल फारच सैल लिहितो.

ती उठून दाराशी गेली. डाव्या हाताला तुळशीशेजारी मोगऱ्याची कुंडी होती. इंद्रजितनं मोटारसायकल लावताना तिला धक्का दिला आणि काठापासून तळापर्यंत तडा गेला, तो त्याच आठवड्यात. आप्पा या घरी आले होते ते लग्नानंतरच्या पूजेला. तेव्हा कुंडी धड होती.

तिनं आणखी जुनी पानं काढली. नववा आडवा, छापलेला क्लू 'प्रकाशाचे साधन.' आप्पांनी वाचलेला: 'देवघरातला, वात डावीकडे कललेली.' तेरावा आडवा, छापलेला 'साडीचे टोक.' वाचलेला: 'कमरेला खोचलेला, हळदीचा डाग असलेला.' सगळी उत्तरं बरोबर. शब्द चौकटीत चपखल बसलेले, तिचे उभे शब्द त्यांना नीट छेदून गेलेले.

पदराला हळद लागलेली तिला दिसली. तिनं फडताळात पानं अंथरली, डबे परत लावले. आप्पा गंमत करत असतील. मीच कधीतरी बोलता बोलता कुंडीचं सांगितलं असेल. बायका फोनवर काय काय सांगतात ते त्यांच्या लक्षात तरी राहतं का. असं सगळं तिनं क्रमानं मांडून पाहिलं. वात डावीकडे कलते हे आपण कुणाला सांगू, एवढंच त्या क्रमात बसेना.

४

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ विचारलं.

"आप्पा, तुम्ही क्लू वेगळे का वाचता? पेपरात वेगळे आहेत."

पलीकडे शांतता. रोज मागे असायचा तो रस्त्याचा आवाज, भाजीवाल्याची हाक, पंख्याची कुरकुर, काहीच नव्हतं. फोन एखाद्या बंद पेटीत ठेवून कुणी बोलत असावं तसं वाटलं.

"तू आडवे बघितलेस?"

आप्पांचा आवाज. पण एकदाच. ती दुसऱ्यांदाची वाट बघत राहिली, आणि ते दुसऱ्यांदा आलंच नाही.

"दुसऱ्याचे क्लू बघायचे नाहीत," आवाज म्हणाला. तेही एकदाच. मग नेहमीसारखं, खणखणीत, "तिसरा आडवा. तिसरा आडवा."

तिनं कोडं पुरं केलं. का केलं ते तिला सांगता आलं नसतं. ज्या माणसावर आपला जीव आहे त्याच्या आवाजात कुणी काही मागितलं की हात आपोआप चालतात. सुविचार आला तेव्हा मात्र ती "दूध उतू जातंय" म्हणाली आणि फोन ठेवला.

५

दुपारी राहीबाईंचा फोन आला.

"ताई, माझं काय चुकलं तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "भाकरी करपली, का भाजी बिघडली?"

"काय झालं राहीबाई?"

"आवं, तुमीच आप्पास्नी म्हनलासा न्हवं, बाईला येऊ देऊ नका. पंधरा दिस झालं, मला बंद केलंय. परवा डबा घिऊन गेलते तर दार उघडलं न्हाई. आतनं म्हनले, ऋचाला आवडायचं न्हाई."

ऋचा खाली बसली. "मी असं काही म्हटलं नाही."

"तुमी रोज पेपरातलं वाचून दावता म्हने. त्यात आलं हुतं, घरात मानसं जेवढी कमी तेवढी शांतता जास्त. आन् त्येनी म्हनलं, पटलं. मग मला बंद."

"मी नाही वाचत, राहीबाई. आप्पा वाचतात आणि मी ऐकते."

राहीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्ये कसं वाचतील? त्यास्नी अक्षरं कुटं दिसत्यात? आधी नुसतं कमी दिसायचं, तुमचं लगीन झालं आन् दिसंनाच झालं. भिताडाला हात लावून चालत्यात. कुनाला कळू दिलं न्हाई. मला म्हनले, ऋचाला म्हाईत हाय, पर मला लाज वाटू नये म्हनून ती बोलत न्हाई, गुमान वाचून दावती. लय कौतिक करायचे तुमचं. आन् पेपर तर कवाच बंद केलाय."

संक्रांतीला ती गेली होती तेव्हा आप्पांनी कप उचलायच्या आधी बशीभोवती बोटं फिरवली होती. तिला वाटलं होतं, वय झालं.

म्हणजे दोघंही एकमेकांची लाज राखत बसले होते. तिला वाटत होतं आप्पा वाचतात. आप्पांना वाटत होतं ऋचा वाचते. दोघंही ऐकत होते. दोघंही पटलं म्हणत होते.

६

संध्याकाळी तिनं सासूबाईंना विचारलं, "उद्या पहिल्या गाडीनं साताऱ्याला जाऊन येऊ का? आप्पांना दिसत नाहीये."

उमाबाईंनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "वडील आहेत तुझे. विचारतेस कसली? आणि जाऊन येऊ का म्हणजे काय, घेऊनच ये त्यांना. वरची खोली रिकामी आहे. माझं बोलणं ऐकायलाही कुणीतरी हवंच आहे."

ऋचाला भरून आलं. आजवर हा प्रश्न विचारायची तिला भीती वाटत होती. मुलीच्या घरी बाप कसा राहील, लोक काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, हे सगळं तिनं मनात इतक्यांदा घोळवलं होतं, आणि उत्तर मेथीच्या जुडीइतकं सोपं निघालं.

आप्पांना कळवावं म्हणून तिनं फोन हातात घेतला. मग वाटलं, कळवायचं तर ऐकणार कोण? तिनं फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला.

गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. कऱ्हाडपर्यंत तिनं सगळ्याचा उलगडा करून टाकला. कुणीतरी टवाळखोर असेल. हल्ली आवाजाची नक्कल करणारी यंत्रं निघाली आहेत, पेपरातच आलं होतं. कुंडी कुणीही रस्त्यावरून पाहू शकतं. उंब्रजला गाडी थांबली, चहावाला खिडकीशी आला आणि तिच्या लक्षात आलं की एवढी खटपट करून त्या टवाळखोराला मिळणार काय, हेच आपण कुठे बसवलेलं नाही. राहीबाई नाहीत. पेपर नाही. लेक येत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक न दिसणारा म्हातारा आणि त्याच्यासोबत एक आवाज. उरलं तेवढंच.

७

शाहूपुरीत पोचली तेव्हा कोड्याचीच वेळ होती. मनुबाईंच्या दाराला कुलूप होतं. लेकीकडे रहिमतपूरला जातात त्या अधूनमधून. ऋचा पुढचा जिना चढू लागली आणि वरून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो असं म्हणतात. तिला तसा वाटला नाही. तिचाच होता, उलट तिच्यापेक्षा बरा. शांत, मायेचा, कणीक मळायची घाई नसलेला. वाक्याआधी ती 'हं' म्हणते, ते 'हं'सुद्धा जागच्या जागी.

"हं, अकरावा आडवा. जिन्यात थांबलेली. तीन अक्षरी."

ऋचा जिन्यात थांबलेली होती.

"मुलगी," आप्पांचा आवाज आला. "मुलगी."

"बरोबर."

ती उरलेल्या पायऱ्या धावत चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. टेबलाशी दोन खुर्च्या समोरासमोर. आप्पा गॅलरीत उभे होते, पाठमोरे, दोन्ही हात कठड्यावर. जुन्या बांधणीची गॅलरी, कठडा जेमतेम मांडीपर्यंत. फोन आप्पांच्या हातात नव्हता. तो कठड्याच्या पलीकडे, छज्ज्याच्या अगदी टोकाला ठेवलेला होता, हात लांबवूनही पोचणार नाही इतका लांब. डोळस माणसालाही तिथे ठेवता आला नसता.

"हं, आजचा सुविचार," छज्ज्यावरून तिचा आवाज म्हणाला. "ज्याला दिसत नाही, त्यानं हाक मारणाऱ्या आवाजाकडे सरळ चालत जावं."

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांचा एक पाय कठड्यावर चढायला उचललेला होता, पायरी चढावी तसा, सहज.

ऋचानं मागून त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं कंबरेला घट्ट मिठी मारली. हातातला हिरवा चुडा वाजला.

आप्पा ताठ झाले. मग त्यांची बोटं तिच्या मनगटावर आली, एकेक बांगडी चाचपत वर गेली, कोपराजवळच्या लहानपणच्या भाजल्याच्या डागापाशी थांबली.

"आप्पा?" छज्ज्यावरून ऋचाचा आवाज लाडानं म्हणाला. "पटलं का?"

आप्पांनी मान हलवली. नाही, अशी. तिच्या तळव्याखाली त्यांचे ओठ मिटलेले होते.

तेव्हा छज्ज्यावरूनच आप्पांचा आवाज आला, स्टँडवरचा, खणखणीत. "पटलं. पटलं."

तिनं त्यांना ओढत आत आणलं. गॅलरीचं दार लावताना तिची नजर टेबलाकडे गेली. आप्पांच्या समोरच्या खुर्चीपुढे आजचा पेपर होता, तिच्यासारखीच घडी घातलेला. फक्त तिच्या घडीत आडवे खाली जात. इथे उभे खाली दबलेले होते. घडीचा वरचा पदर नुकताच कुणी सोडल्यासारखा सावकाश खाली बसत होता.

तिनं तो पूर्ण बसेपर्यंत पाहिलं नाही.

८

आप्पा आता सांगलीला असतात. वरच्या खोलीत दम लागतो म्हणून खालीच, देवघराशेजारी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आहेत, आहे तेवढं टिकेल म्हणतात. उमाबाईंना ऐकणारा मिळाला आहे आणि आप्पांना निधनवार्ता. "ओळखीचं कुणी नाही आज," असं आता दोघं मिळून म्हणतात. राहीबाईंना ऋचानं पाडव्याला साडी पाठवली. छज्ज्यावरचा फोन कुणी आणला नाही. सातारच्या घराला कुलूप आहे.

त्या सकाळबद्दल बापलेक बोलत नाहीत. कोडं मात्र सोडवतात, टेबलाशी समोरासमोर बसून, ऋचाच आडवे वाचते आणि ऋचाच उभे. वाचताना तिचा पाय आप्पांच्या पायाला टेकलेला असतो, ते दोघांनाही लागतं. सुविचार ती वाचत नाही. आप्पा विचारत नाहीत.

काल कोडं अर्ध्यावर असताना तिचा फोन वाजला. मनुबाई होत्या.

"अगं ऋचा, कळवायचं तरी. आलात कधी?"

"कुठं, मनुबाई?"

"कुठं काय, घरी. रोज सकाळी वर तुमचं कोडं चालतं ना, तुझं नि आप्पांचं. बरं वाटतं गं ऐकून, एकटीला सोबत होते. मी तर आता स्वयंपाकघरातून म्हणतेसुद्धा, पटलं म्हणून. आज वाटलं, वरच जाऊन बसावं तुमच्यात. दार लोटलेलंच असतं ना?"

"मनुबाई, वर जाऊ नका," ऋचा म्हणाली. "ऐका माझं. आम्ही तिथं नाही."

"नाही कसं? अगं, तूच तर बोलावलंस. येऊन बसा म्हणालीस. तूही ये की आप्पांना घेऊन. सगळे मिळून सोडवू. पटतंय ना?"

आम्ही आलोय म्हणतात आणि आम्हालाच या म्हणतात, एवढं ऋचाच्या मनात आलं, आणि मनुबाईंच्या आवाजामागे कुकरची शिटी झाली. लांब, शेवटी जरा घरघरणारी.

ऋचानं मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. कुकर गॅसवर होता. शिटी अजून खालीच बसलेली होती, हललीही नव्हती.

"कोण गं?" आप्पांनी विचारलं आणि टेबलावरून हात पुढे केला. तिनं तो धरला. फोन कानालाच होता. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, उत्तराची वाट बघत होतं. देवघरात सासूबाईंची घंटा थांबली.

मग स्वयंपाकघरातली शिटी सावकाश वर उचलली गेली.